बेळगाव-निपाणी-खानापुरातून नोकरीत पुढे जायचंय? आधी तुमचं नाव एका कामाशी जोडा

बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत, उद्यमबागेत, मच्छ्यात किंवा होनग्यात, वर्षानुवर्षं चोख काम करणाऱ्या माणसाला पुण्याचा एचआर ओळखत नाही. पुष्कळदा पलीकडच्या गल्लीतला कारखानदारही ओळखत नाही. काम शेडच्या आत राहतं, नाव बाहेर पडत नाही, आणि मग पगार वाढवायची वेळ आली की दर वेळी शून्यापासून स्वतःची ओळख करून द्यावी लागते. पर्सनल ब्रँड म्हणजे ही अडचण दूर करायचं काम. एखादं ठराविक काम निघालं की चार माणसांच्या तोंडी तुमचं नाव यावं, आणि त्या नावाचा शोध घेणाऱ्याला तुमच्या कामाचा पुरावा दोन मिनिटांत सापडावा. फॉलोअर हजारो नसले तरी चालतात. योग्य जागी बसलेली चाळीस-पन्नास माणसं पुरतात.

सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. तुमचा अर्ज शिरोली किंवा कागलच्या एमआयडीसीत वाचला जाईल, पुण्यात, गोव्यात, हुबळीत, बेंगळुरूत वाचला जाईल. शहराची दोन नावं, तुमच्या आडनावाची तीन स्पेलिंगं, शिक्षणाची कर्नाटकातली नावं आणि बाहेर तीच माहीत नसलेली माणसं, असा सगळा गुंता आहे. तो सोडवल्याशिवाय पोस्ट टाकत बसण्यात अर्थ नाही.

काम एकच निवडा, आणि अरुंद निवडा

«मेकॅनिकल इंजिनिअर, 6 वर्षं अनुभव» या ओळीने कोणाच्याही डोक्यात काही राहत नाही. ओळ अशी बांधा: काय काम करता, कशावर करता, कोणत्या मालासाठी करता. काही नमुने:

«सीएनसी टर्निंग प्रोग्रामर, फॅनुक आणि सीमेन्स कंट्रोल, हायड्रॉलिक पार्ट्स»
«ग्रीन सँड फाउंड्री क्वालिटी, सीआय आणि एसजी आयर्न कास्टिंग»
«आंतरराज्य बिलिंग, आयजीएसटी आणि ई-वे बिल सांभाळणारा अकाउंटंट»

शेवटचा नमुना मुद्दाम दिला आहे. निपाणीचा व्यापारी वीस-एक किलोमीटरवरच्या कागलला माल पाठवतो तेव्हा तो आंतरराज्य व्यवहार असतो आणि आयजीएसटी लागतो. तोच माल राज्यातल्या राज्यात लांब बिदरला गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा कर. मालाची किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल. हे रोज हाताळणाऱ्या इथल्या अकाउंटंटला त्याचं काही वाटत नाही. पण महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकात माल फिरवणाऱ्या कंपनीला नेमका हाच माणूस हवा असतो. सीमेवर राहिल्यामुळे जे सहज हाताखालून गेलं, ते बाहेर विशेष ठरतं. स्वतःच्या कामात असं काय आहे, ते आधी शोधा.

अरुंद ओळीने नोकऱ्या हातच्या जातील अशी भीती जवळजवळ सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात भरती करणारा माणूस «मेकॅनिकल» टाकून शोधत नाही. तो यंत्राचं, सॉफ्टवेअरचं किंवा प्रक्रियेचं नाव टाकतो. ते शब्द तुमच्या प्रोफाइलमध्ये नसतील तर तुम्ही त्याच्या यादीतच येत नाही.

निवड बरोबर झाली का, हे तपासायला तीन जणांना विचारा: एक जुना सुपरवायझर, एक बरोबरीचा, एक हाताखाली शिकलेला. प्रश्न एकच, «कुठलं काम अडलं तर तुम्ही माझ्याकडे माणूस पाठवाल?» तिघांची उत्तरं जिथे जुळतात तिथे तुमचं नाव आधीच थोडंफार आहे. तिथूनच सुरुवात करा. तिन्ही उत्तरं वेगवेगळी आली तर पुढचे सहा महिने कामावर एकाच प्रकारची जबाबदारी मागून घ्या. प्रोफाइल नंतर.

नाव आणि गाव सगळीकडे सारखं करा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण ऑफर हातात आल्यावर सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डवर नावापुढे वडिलांचं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर आडनाव आधी. सावंत कुठे «डब्ल्यू»ने, कुठे «व्ही»ने. चव्हाण तर चार प्रकारांनी. शाळेत कन्नडवरून इंग्रजीत नाव उतरवताना एखादं अक्षर वाढलेलं असतं. पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीला ही दोन माणसं वाटतात.

असं करा. आधार, पॅन, एसएसएलसी, डिप्लोमा किंवा डिग्री आणि पीएफचा यूएएन (खाते क्रमांक), या पाच ठिकाणची नावं एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. शाळेच्या मार्क्सकार्डवरचं नाव बदलणं सगळ्यांत अवघड, म्हणून शक्यतो तेच प्रमाण धरा आणि बाकीची त्याला जुळवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईत अर्ज भरू नका. यूएएनवरचं नाव आधारशी जुळलं पाहिजे, नाहीतर नोकरी बदलताना पीएफ अडकतो. हे पक्कं झालेलं स्पेलिंग लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, रेझ्युमे आणि ईमेल, सगळीकडे अक्षरशः तेच ठेवा.

ट्रूकॉलरवर तुमचा नंबर टाकून पाहा. मित्राने सेव्ह केलेलं टोपणनाव तिथे झळकत असेल तर अ‍ॅपमध्ये जाऊन बदला. पुण्याहून फोन करणाऱ्याला पहिलं तेच दिसतं.

आता गाव. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रमाणपत्रांवर जुनं इंग्रजी नाव, नंतरच्यांवर नवीन. भरती करणारे दोन्ही नावं टाकून शोधतात. लिंक्डइनच्या ठिकाणाच्या रकान्यात यादीतून येतं ते नाव राहू द्या, आणि माहितीच्या मजकुरात दुसरं नाव एकदा तरी येऊ द्या. हुबळीत काम केलं असेल तर तिथेही हेच.

शिक्षणाचंही तसंच. पीयूसी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक एचआरला माहीत असेलच असं नाही. «द्वितीय पीयूसी (बारावी), विज्ञान» असं लिहा. एसएसएलसीपुढे «दहावी» लिहा.

प्रोफाइल: दोन तासांचं काम

लिंक्डइनवर हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात. त्यातली पहिली साठ-सत्तर महत्त्वाची, कारण शोधाच्या यादीत आणि मोबाइलवर पुढचं कापलं जातं. तुमची अरुंद ओळ तिथे, अगदी सुरुवातीला. कंपनीचं नाव तिथे परत लिहायची गरज नाही, ते खाली दिसतंच. «अबाउट»ला 2,600 अक्षरं आहेत, पण «आणखी पाहा»च्या आधी तीनेक ओळीच दिसतात. म्हणून पहिल्या तीन ओळींत काम, एक आकडा आणि तुम्ही काय शोधताय ते. «मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा» हे शब्द काढून टाका. ते सगळेच लिहितात आणि कोणी तपासू शकत नाही.

फोटो चौकोनी, किमान 400 बाय 400 पिक्सेल. खिडकीकडे तोंड करून उभे राहा, मागे रिकामी भिंत, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरवरून दुसऱ्याकडून काढून घ्या. खांद्यापासून वर दिसलं पाहिजे. लग्नातला फेटा बांधलेला फोटो कापून लावू नका. शेजारच्याचा खांदा दिसतो आणि चेहरा धूसर होतो.

रेझ्युमे पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान, त्यापुढे दोन. एकच स्तंभ, साधी अक्षरं, पीडीएफ. दोन रंगीत स्तंभांचे तयार साचे दिसायला छान, पण कंपन्यांची छाननी करणारी सॉफ्टवेअरं ते वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात आणि अनुभवाची वर्षं चुकतात. वडिलांचं नाव, धर्म, जात, लग्न झालंय की नाही, हे लग्नाच्या बायोडाटात शोभतं, इथून काढा. फाइलचं नाव «रेझ्युमे फायनल 3» नको. तुमचं नाव आणि काम हवं.

एक छोटी पण फार उपयोगी गोष्ट. शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नसतील तर नंबरखाली लिहा: «फोन दुपारी 1 ते 1:30 किंवा संध्याकाळी 6 नंतर, इतर वेळी व्हॉट्सअ‍ॅप करावं.» एचआर यादीतून एकामागून एक फोन लावत जातो. न उचललेला फोन म्हणजे पुढचं नाव.

नोकरी डॉट कॉमवर आठवड्यातून एकदा एखादी ओळ बदलून प्रोफाइल जतन करा. भरती करणाऱ्यांना अलीकडे हललेली प्रोफाइल वेगळी गाळता येतात.

पुरावा

सगळा भर इथे द्या. नाव आणि हेडलाइन एका संध्याकाळी नीट होतं. पुरावा मात्र साठवावा लागतो, आणि बहुतेक लोक तो साठवत नाहीत म्हणून मुलाखतीत अडखळतात.

एक वही करा किंवा मोबाइलमध्ये एक नोंद उघडा. दर शनिवारी दहा मिनिटं. चार रकाने: काय अडलं होतं, काय तपासलं, काय बदललं, आकडा कितीवरून कितीवर आला. उदाहरणार्थ, 500 नगांमागे 30 नग रिजेक्ट होत होते, ते 8 वर आले, म्हणजे 6 टक्क्यांवरून 1.6 टक्के. आकडा नसेल तर वेळ लिहा: सेटिंगला 90 मिनिटं लागायची, आता 40. तोही नसेल तर किती जणांना शिकवलं ते लिहा. तीन महिन्यांत अशा बारा नोंदी जमतात. त्यातल्या चांगल्या तीन रेझ्युमेत, बाकीच्या पोस्टसाठी.

पोस्ट कशी लिहायची? समजा फाउंड्रीत आहात. पावसाळा लागला की इथल्या बऱ्याच शेडमध्ये वाळू नीट झाकलेली नसते, ओलावा वाढतो आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) दिसू लागतात. ग्रीन सँडचा, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूचा, ओलावा साधारण 3 ते 4 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तो वर चढला की वाफ जास्त होते, वाळूतून हवा नीट जात नाही, वायू धातूत अडकतो. यावर 120 ते 180 शब्दांची पोस्ट: पहिल्या ओळीत दोष, मग तो वाळूमुळे की ओतण्याच्या तापमानामुळे हे कसं ओळखलं, मग काय बदललं, शेवटी आकडा. एक फोटो. हॅशटॅग तीन पुरेत. वाचणाऱ्या फाउंड्री मॅनेजरला कळतं की या माणसाने वाळू हातात घेतलेली आहे. प्रेरणादायी सुविचारांच्या शंभर पोस्टींनी हे होत नाही.

महिन्याला दोन पोस्ट पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त फायदा दुसऱ्यांच्या पोस्टवर नीट उत्तर देण्यात आहे. तुमच्या क्षेत्रातली वीस माणसं निवडा: कोल्हापूर-पुण्याचे प्लांट हेड, क्वालिटी मॅनेजर, तुमची यंत्रं विकणारे सर्व्हिस इंजिनिअर. आठवड्याला तीन ठिकाणी दोन-तीन ओळींचं, अनुभवातून आलेलं उत्तर लिहा. «छान माहिती सर» हे उत्तर नव्हे.

आता धोका. ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, टॉलरन्सची शीट, कंपनीच्या लाइनचा फोटो, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) एरोस्पेसचं काम चालतं. तिथे किंवा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे गुप्ततेचा करार असतो आणि एका फोटोमुळे नोकरी जाऊ शकते. फोटो हवाच असेल तर भंगारातला, कुणाचाही शिक्का नसलेला तुकडा, किंवा हाताने काढलेली आकृती. ग्राहकाचं नाव न लिहिता «युरोपला जाणारा हायड्रॉलिक पार्ट» म्हटलं तरी काम भागतं. टाकण्याआधी वरिष्ठांना दाखवा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि त्यांच्या नजरेतही तुमचं नाव बसतं.

कारखान्याबाहेरच्यांसाठीही रीत हीच. वडगाव-शहापुरातला साडी डिझायनर असेल तर काठ, पदर आणि उलटी बाजू, असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात. उलट्या बाजूचे धागे पाहून जाणकार विणकामाची सफाई ओळखतो, म्हणून तो फोटो टाळू नका. शिक्षक असाल तर एका धड्याचं नियोजन, फळ्याचा फोटो आणि मुलांनी केलेली एक कृती; मुलांचे चेहरे मात्र नकोत.

भाषा लपवू नका, नेमकी लिहा

खानापूर किंवा निपाणीच्या मुलाला मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी येते, आणि रेझ्युमेच्या तळाला तो ते एका ओळीत संपवतो. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र मिळून एक विभाग करणाऱ्या औषध, खत, ट्रॅक्टर आणि यंत्रांच्या कंपन्यांना हीच गोष्ट वर हवी असते. विक्री, सर्व्हिस, खरेदी किंवा बँकेत जाणार असाल तर भाषा हेडलाइनमध्येच घ्या.

मात्र बोलणं, वाचणं, लिहिणं वेगळं सांगा. «कन्नड: अस्खलित बोलतो, वाचतो, लिहायला कच्चा» असं खरं लिहिलेलं चालतं. «फ्लुएंट» लिहिलं आणि मुलाखतीत गोकाकच्या सप्लायरचं पत्र समोर ठेवलं की पंचाईत होते. कन्नड फक्त बोलता येत असेल तर वाचायला शिका. रोज अर्धा तास बसची पाटी, दुकानाचा बोर्ड, वर्तमानपत्राचं मथळ्याचं पान वाचलं तर दोन-तीन महिन्यांत वाचन सुटं होतं, आणि बेळगावातच राहून वरच्या जागेवर जायचं असेल तर त्याला पर्याय नाही. मराठीचं त्याने काही कमी होत नाही.

इथेच एक नाजूक विषय. सीमाप्रश्नावर मत असणं, ते मांडणं, यात गैर काही नाही. पण 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास रागाच्या भरात दुसऱ्या भाषेच्या माणसांबद्दल लिहिलेली एखादी कमेंट तुमच्या नावासोबत वर्षानुवर्षं शोधात येत राहते, आणि तुमचा पुढचा बॉस कुठल्या घरात कुठली भाषा बोलतो हे तुम्हाला ठाऊक नसतं. ब्राउझरच्या खासगी खिडकीत स्वतःचं नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत टाकून पाहा. जे सापडतं त्यातलं आज तुम्ही स्वतःहून म्हणणार नाही ते काढून टाका.

माणसं

बेळगावात अजून बऱ्याच चांगल्या जागा जाहिरातीआधीच भरतात. कुणीतरी कुणाला तरी विचारतं, एवढंच. त्या विचारण्यात यायचं तर अधूनमधून दिसावं लागतं. चेंबर ऑफ कॉमर्सचे कार्यक्रम, फाउंड्री क्लस्टर, फाउंड्रीवाल्यांच्या संस्थेचा बेळगाव चॅप्टर, कॉलेजांची माजी विद्यार्थी मंडळं, यांपैकी एकच धरा आणि वर्षभर जात राहा. चार ठिकाणी एकेकदा जाण्याचा काही उपयोग होत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे जवळच्या आयटीआयमध्ये किंवा पॉलिटेक्निकमध्ये प्राचार्यांना भेटून चाळीस मिनिटांचं सत्र मागणं. विषय अगदी छोटा ठेवा, उदाहरणार्थ «मायक्रोमीटरचं वाचन चुकतं ते का». मुलांच्या उपयोगाचं काम होतं, आणि त्या मुलांना घ्यायला येणाऱ्या कंपन्यांपर्यंत तुमचं नाव तिथल्या सरांकडून जातं.

शिफारस मागताना लोक «सर, लिंक्डइनवर रेकमेंडेशन द्या ना» एवढंच लिहितात आणि उत्तर येतं ते कोणालाही लागू पडेल असं. समोरच्याला धागा द्या:

«नमस्कार सर. 2019 ते 2022 मी तुमच्या हाताखाली टर्निंग सेक्शनला होतो. तेव्हा सेटिंगचा वेळ 90 वरून 40 मिनिटांवर आणला होता, आणि दोन नवीन मुलांना मशीनवर तयार केलं होतं. यातलं तुम्हाला आठवतं ते तीन-चार ओळींत लिंक्डइनवर लिहाल का? घाई नाही, या महिन्यात कधीही चालेल.»

अशा तीन शिफारसी पुरतात: वरिष्ठ, ग्राहक किंवा सप्लायरकडचा माणूस, आणि हाताखालचा. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदाच फोन. इथली ज्येष्ठ मंडळी मेसेजपेक्षा फोनला मान देतात.

कुठे बिघडतं

सर्वांत मोठी चूक म्हणजे लिंक्डइनवरची हिरवी «ओपन टू वर्क» पट्टी. उद्यमबागेत मालक एकमेकांना ओळखतात. संध्याकाळपर्यंत बातमी पोहोचते. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय निवडा, आणि तोही शंभर टक्के झाकतो असं धरून चालू नका. लिंक्डइन स्वतःच तशी हमी देत नाही. आधीच्या कंपनीबद्दल वाईट कुठेही लिहू नका, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरही नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची. महिनाभर रोज पोस्ट, लाइक आले नाहीत म्हणून बंद. लाइक मोजू नका. दर तीन महिन्यांनी तीन गोष्टी पाहा: तुमच्याच कामाबद्दल नेमका प्रश्न विचारणारे किती फोन किंवा मेसेज आले, शोधात तुमचं प्रोफाइल कोणत्या हुद्द्याच्या लोकांना दिसलं, आणि मुलाखतीत तुमच्या एखाद्या कामाचा उल्लेख समोरून झाला का. पहिल्या तिमाहीत बहुधा काहीच हलत नाही. दुसऱ्या तिमाहीतही चुकीच्याच कामाचे फोन येत असतील तर हेडलाइन चुकली आहे. ती बदला, पोस्ट वाढवू नका.

नोकरी लागली, पुण्याला किंवा गोव्याला गेलात, तरी मोबाइल नंबर बदलू नका. लिंक्डइनला कंपनीचा ईमेल जोडू नका; राजीनाम्याच्या दिवशी तो बंद होतो आणि पासवर्ड विसरला असाल तर प्रोफाइल परत मिळवणं अवघड होतं. शिफारस करणाऱ्या तिघांना पहिल्या आठवड्यातच कळवा कुठे रुजू झालात ते, आणि शनिवारची वही नव्या जागी पहिल्याच शनिवारी उघडा, कारण तुम्ही आलात तेव्हा आकडा किती होता, हे तेव्हाच लिहून ठेवता येतं.